सदतीस, सदतीस, सव्वीस

गंगावेशीत रात्री साडेदहाला
म्हशीभोवती रांग नसते, कोंडाळं असतं.
पसारे धार काढतात, मान वर करत नाहीत.
एकटा ओरडला की पेला त्याच्या हातात.
दोघं एकदम ओरडले की कुणाचंच ऐकू येत नाही.
दोघंही गप्प होतात, एकमेकांकडं बघतात
आणि पुन्हा एकदमच म्हणतात, "हिकडं!"

मी कट्ट्यावर वही उघडून बसतो.
दिवसभर पॉलिटेक्निकात पोरांना सर्किटं शिकवायची,
उरलेल्या रात्रीत प्रबंधाचं प्रकरण तिसरं:
एकच वाहिनी, पुष्कळ बोलणारे, मधे पोलीस नाही.
प्रत्येकाच्या दारात त्याची त्याची रांग,
न गेलेल्या निरोपांची.

शंभर क्षण घ्या.
सगळं जुळवून आणलं, जमेल तितकं नीट,
तरी सदतीस रिकामे जातात,
सदतीस पोचतात,
सव्वीस टकरीत.
या रीतीत याहून बरं होत नाही.
आंबपकर मॅडम म्हणाल्या, हे असं लिहू नका, फार दुःखी वाटतं.
एक छेद ई लिहा.

आक्का गडहिंग्लजला असते.
उद्यमनगरातलं बाबांचं लेथ मशीन मी विकलं, तिला न विचारता.
त्या रात्री फोन लावला. व्यस्त.
तीही त्याच मिनिटाला मलाच लावत होती,
हे मला भाच्याकडून कळलं, पुष्कळ नंतर.
तोवर मी दोन दिवस थांबून लावला होता. व्यस्त.
मग चार. मग आठ.
टक्कर झाली की थांबणं दुप्पट करायचं
हा नियम मी फळ्यावर लिहितो, दर जुलैत,
पण त्यात एक फासा लागतो.
आमच्या घरात फासा नव्हता.
बाबा कारखाना बंद करून साडेनऊला जेवायचे,
हात पुसायचे, मग बोलायचे.
अजून आम्ही दोघं तेव्हाच हात पुसतो.

माझ्या दारातली रांग मोजली आज:
लेथचे पैसे आलेत, निम्मे तुझे.
नव्या मालकानं त्याला हिरवा रंग दिलाय, बघवत नाही.
व्हर्निअर विकलेला नाही, कपाटात आहे,
त्यावर बाबांच्या अंगठ्यानं पडलेली झीज आहे.
हे सगळे तयार उभे आहेत.
तोंडाशी एकच अडकलाय, तीन शब्दांचा,
तो हलत नाही म्हणून मागचे थांबलेत.

बोलणारे अनंत धरले तर हा नियम टिकत नाही.
रांग वाढत जाते, परत शून्याला येत नाही.
सिद्धता माझ्या अक्षरात अकरा पानं, दोनदा तपासलेली.
दहाव्या पानावर आज पेन थांबलं.
अनंत कशाला?
आम्ही तर दोघंच.

साडेनऊ मी मुद्दाम जाऊ दिले.
"मास्तर," पसारे म्हशीच्या आडून, "वरडत न्हाई म्हणून मिळंना तुमास्नी."
"ऐकतोय," म्हटलं.
"ऐकून दूध येतंय व्हय?"

समोरून रिक्षा गेली, एमएच शून्य नऊ,
शेवटचा आकडा सात.
ठरलं. सात मिनिटं.
एक पैलवान चार पेले रिचवून गेला.
एका बाईनं पोराच्या ओठांवरचा फेस पदरानं पुसला.
सातव्याला कोंडाळं अचानक गप्प झालं,
त्या सदतीसांपैकी एक क्षण,
फक्त चरवीत धारेचा आवाज.

लावला.
वाजला. वाजतोय.

आक्का म्हणाली, "बोल."
नेमके तेव्हाच पसाऱ्यांनी पेला पुढं केला: "घ्या."
मी दोघांनाही "अं?" म्हणालो.

मग दोघंही थांबले.